सीतादहीचं ताट आणि ‘जागल’ची बाई

त्रिपुरी पौर्णिमेच्या वाती वळत बसले होते. अर्ध्या झाल्या होत्या, अर्धा कापूस सुपात तसाच होता आणि बोटांना दूध लागलेलं होतं. तेवढ्यात शेजारच्या फाटकासमोर दोन मोठ्या गाड्या येऊन थांबल्या. आमच्या गल्लीत गाडी येते ती गॅस सिलिंडरची, नाहीतर लग्नाची. या त्यातल्या नव्हत्या. पांढऱ्या गाड्यांतून पांढऱ्या कपड्यांची माणसं उतरली. पहिल्याच्या हातात ‘जागल’चा मागच्या शुक्रवारचा अंक होता, गुंडाळी केलेला, कुत्र्याला हाकलायला धरावा तसा.

मी वाती तशाच टाकून उठले.

‘जागल’ म्हणजे आमच्या वणीचं साप्ताहिक. चार पानांचं. रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून माणसं वावरात जागायला जातात, त्याला आमच्याकडे जागल म्हणतात. तेच नाव. शेवटच्या पानावर अगदी तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : संपादक – कौसल्या गोविंदा नगराळे. ती माझी शेजारीण, कौसल्याताई. आमच्या अंगणांच्या मध्ये कमरेइतकी भिंत आहे. त्या भिंतीवरून भाजीच्या वाट्या जातात तशा बातम्याही जातात.

ताईचं माहेर उमरखेडकडचं. लग्न होऊन इथं आली तेव्हा गोविंदाभाऊजी खाणीत कामाला होते आणि पेपरचं वेड त्यांचं होतं. पाळी संपवून यायचे, हातपाय धुवायचे आणि लिहायला बसायचे. ताई दहावी शिकलेली. एका हातानं वरण घोटायची, दुसऱ्या हातानं छापखान्यातून आलेली प्रुफं तपासायची. प्रुफांवर हळदीची बोटं उमटायची. तेव्हा एकेका अक्षराचे शिशाचे खिळे जुळवून छपाई व्हायची. खिळे जुळवणारा बाबुलाल फाटकातूनच ओरडायचा, “वहिनी, हा पिवळा डाग काना हाये का नुसती हळद?” ताई आतून सांगायची, “हळद हाये. काना असता तर काळा नसता का, बाबुलाल?”

मग एक दिवस भाऊजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द निघेना. मुलगा संघदीप तेव्हा शाळेत होता. सहा महिन्यांनी नातेवाईक जमले आणि पेपर बंद करायचं ठरवूनच बसले. भाऊजींचे एक काका, ताईचे चुलत सासरे, म्हणाले, “बाईमाणसाच्यानं होते का पेपर?”

ताई चहा देत होती. ती म्हणाली, “मामाजी, मागचे सहा महिने कोण काढून राह्यलं थो पेपर? तुमी तर दर शुक्रवारी वाचता.”

ती यवतमाळला गेली, अधिकाऱ्यासमोर उभी राहून आपल्या नावाचं प्रतिज्ञापत्र दिलं आणि पुढच्या अंकावर नाव बदललं. गावातल्या पुढाऱ्यांनी सुरुवातीला गंमत म्हणून पाहिलं. एकानं आपल्या वाढदिवसाचा मजकूर पहिल्या पानासाठी पाठवला. ताईनं तो तिसऱ्या पानावर टाकला. तो विचारायला आला तर म्हणाली, “भाऊ, पहिल्या पानावर नळाले पाणी कोणत्या दिवशी येते थे छापतो आमी. तुमी येणार तर कवाही येता.”

तेव्हापासून त्या घरात एक रीत पडली. अंक छापायला जाण्याआधी ताई भाऊजींच्या खाटेजवळ बसते आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं त्यांना वाचून दाखवते. भाऊजींच्या डाव्या हातात चमचा असतो आणि बाजूला स्टीलचा गिलास. वाक्य पटलं नाही की ते गिलासावर चमचा वाजवतात. टण्. मग ताई थांबते. “काय चुकलं? नाव? तारीख? लई कडक झालं?” बरोबर प्रश्नाला भाऊजी मान हलवतात. कधी कधी दोघांचं भांडण होतं. ती बोलत राहते, ते वाजवत राहतात, आणि मला पलीकडे कळतं की आज अग्रलेख चालू आहे.

ती विहारात जाते, मी देवळात. गुरुवारी माझी पोथी संपली की मी तिच्याकडे अंकांच्या घड्या घालायला बसते. डाकेच्या अंकांवर पत्त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या असतात, त्याची खळ मी शिजवते. खळ पातळ झाली की ताई म्हणते, “नंदा, तुह्या महाराजाले सांग वो, पोथीत ध्यान ठेव, पण खळीतही ठेव.” मी तिला म्हणते, “तुमी पहिले चप्पल काढून बसा, घड्या देवाच्या कामासारख्या घाला.” आणि ती खरंच चप्पल काढते.

आता मागच्या अंकात काय होतं ते सांगते.

कापसाचा पहिला वेचा करण्याआधी आमच्याकडे वावरात सीतादही करतात. धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, बोंडांनी भरलेल्या एका पऱ्हाटीखाली पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य ठेवायचा. मग घरातल्या बाईनं पहिली पाच बोंडं वेचायची, कापूस दह्याला टेकवायचा आणि मगच पाटीत टाकायचा. दह्यासारखा पांढरा कापूस घरात यावा, एवढंच मागणं. नंतर सगळ्यांनी तिथंच धुऱ्यावर बसून तो दहीभात खायचा. घरी न्यायचा नाही, टाकायचा तर मुळीच नाही.

आमचं वावर कोळशाच्या रस्त्याला लागून आहे. खाणीतून रेल्वेच्या साइडिंगकडे दिवसभर ट्रक पळतात. वर ताडपत्री नसते. रस्त्यावर पाणी मारायचा टँकर आम्ही फक्त ऐकून आहोत. यंदा मी ताट ठेवलं, डोळे मिटून हात जोडले आणि डोळे उघडले तर दह्यावर काळी साय आलेली. तेवढ्या वेळात ट्रकांची एक रांग निघून गेली होती. त्याआधीही खाण होती, धूळ होती, पण देवाच्या ताटात ती मी पहिल्यांदा पाहिली. मला रडू फुटलं. ताई माझ्याबरोबर होती, दरवर्षी येते. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, “फोटो काढू का?”

“काढा. पण आमचं नाव नका टाकू,” मी म्हटलं. आमच्या वावरात जायची पायवाट राजकुमारभाऊंच्या जागेतून जाते, आणि ते ट्रक राजकुमारभाऊंचेच.

“नाही टाकत,” ताई म्हणाली.

फोटो पहिल्या पानावर आला. खाली एवढंच : हे दही घरून निघालं तेव्हा पांढरं होतं.

आणि आता राजकुमारभाऊ स्वतः तिच्या अंगणात उभे होते. नगरपरिषदेच्या निवडणुकीला उभं राहायचं त्यांच्या मनात आहे, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मी भिंतीपाशी जाऊन थांबले. ताई भाऊजींना पेज भरवत होती.

“जय भीम, ताई,” राजकुमारभाऊ वाकून म्हणाले.

“जय भीम. बसा. याईचं जेवण होऊ द्या.”

आणि खरंच तिनं शेवटच्या घासापर्यंत त्यांना बसवून ठेवलं. भाऊजींचं तोंड पुसलं, वाटी धुवून पालथी घातली, मग पदराला हात पुसत समोर आली. “बोला.”

“ताई, तुमी आमच्या सीतामाईच्या नैवेद्याची टिंगल केली पेपरात. लोकाईच्या भावना दुखावल्या. मले फोनावर फोन येऊन राह्यले.”

“माहा नंबर तर पेपरावरच छापून असते. मले काहून नाही आला कोणाचा?”

“लोक तुमाले भितात, ताई,” ते हसले. सोबतचेही हसले. मग त्यांनी टाइप केलेला एक कागद पुढे केला. “माफीनामा लिहून आणला. तुमाले तरास नको. येत्या अंकात पहिल्या पानावर, चौकटीत. आन् संघदीपचं दुकान कसं चाललं? गाळा आपलाच हाये म्हणून विचारलं.”

संघदीप तेव्हा मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवत होता आणि तिथल्याच कॉम्प्युटरवर ‘जागल’ची पानं लावत होता. तो गाळा राजकुमारभाऊंच्या इमारतीत होता. ताईच्या चेहऱ्यावरून काही सरकलं ते मी पाहिलं. तिनं कागद घेतला आणि भाऊजींच्या खाटेकडे वळली.

“आमच्या घरी रीत हाये, भाऊ. जे छापायचं थे पहिले याईले वाचून दाखवायचं.”

तिनं चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. “‘जागल या साप्ताहिकाने खोडसाळपणे...’”

टण्.

“‘...समस्त भाविकांच्या पवित्र श्रद्धेचा...’”

टण्. टण्.

“‘...बनावट छायाचित्र छापून...’”

पुढे ती वाचतच राहिली आणि भाऊजी वाजवतच राहिले. शेवटी गिलास कलंडून अंगणात गडगडत गेला. ताईनं तो उचलून पुन्हा जागेवर ठेवला. “संपादकाईले पसंत नाही.”

“ताई, मस्करी नका करू,” राजकुमारभाऊंचा आवाज बदलला. “राख टाकून काढलेला फोटो हाये थो. खरा असन तर सांगा, कोणाच्या वावरातला?”

“नाही सांगत.”

“म्हणजे खोटा.”

“म्हणजे नाही सांगत.”

एक नाव घेतलं असतं तर ती सुटली असती. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. माझ्या बोटांवरचं दूध वाळून गेलं होतं. मी भिंतीवरून म्हटलं, “ताट माहं हाये, भाऊ. दही म्या घरी लावलं होतं. त्यात जे पडलं थे तुमच्या ट्रकातून पडलं. देवाच्या ताटात धूळ टाकणाऱ्याले कोणी काही म्हणत नाही, आन् दाखवणारीनं माफी मागायची?”

राजकुमारभाऊंनी माझ्याकडे बघून हात जोडले. “काकू, तुमी साध्या. चुलीची राख उडाली असन.”

तेव्हा ताई बोलली. तिचा राग कधी आवाजात चढत नाही, मानेत चढतो. “मंग तुमच्या वावरात करा, भाऊ. तुमचंही वावर त्याच रस्त्याले हाये. पेरणी उशिरा झाली, पहिला वेचा व्हायचा हाये, जाता-येता पाहतो आमी. तुमच्या आई, सोनीबाई, सीतादही मांडतील. साऱ्या गावाले बोलवा. जेवणं होईपर्यंत दही पांढरं राह्यलं तर हा माफीनामा जशाचा तसा चौकटीत छापते. आन् ‘जागल’ बंद करते.”

मी भाऊजींकडे पाहिलं. चमचा वाजला नाही.

“मंगळवारी,” राजकुमारभाऊ म्हणाले आणि कागद तिच्याच हातात ठेवून गेले.

ते गेल्यावर मी भिंत ओलांडूनच गेले. “काहून पैज लावली वो, ताई? थो त्या दिवशी ट्रक बंद ठेवीन, रस्त्यावर पाणी मारीन. मंग कुठून पडन धूळ?”

ताई भाऊजींच्या पायाला तेल लावत होती. तिचा हात थांबला. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. रागाच्या भरात ती भाऊजींचा पेपर, आपला पेपर, सगळं त्या ताटात ठेवून आली होती. ती म्हणाली, “बोलली तर बोलली. शब्द मागं नाही घेत.” आणि पुन्हा तेल चोळायला लागली. संध्याकाळी संघदीपला कळलं. तो एवढंच म्हणाला, “आई, गाळ्याचं मी पाहतो. तू त्याच्याकडं पाहून काही ठरवू नको.”

मंगळवारी तसंच झालं. रस्त्यावर एक ट्रक नाही. टँकर सकाळपासून पाणी मारत होता. बाया म्हणत होत्या, “पाहा वो माय, हाच तो टँकर. जिवंत हाये म्हणजे.” धुऱ्यावर मांडव, खुर्च्या, दोन-तीन पेपरवाले, मोबाइल उगारलेली पोरं. राजकुमारभाऊंची आई सोनीबाई नव्या हिरव्या लुगड्यात आली. थकलेली बाई, पण हात देवाच्या कामात पक्के. तिनं खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं, ताट ठेवलं. दही असं पांढरं की उन्हात डोळे दिपावेत.

ताई धुऱ्याच्या टोकाला बसली होती. पिशवीत तो माफीनामा होता. मी जवळ बसून मनातल्या मनात नाम घेत होते. ताट तसंच पांढरं राहिलं. वाऱ्याची झुळूक आली, पऱ्हाटी हलली, तरी पांढरं. राजकुमारभाऊंनी सगळ्या मोबाइलांना ताट नीट दाखवलं. मग ते म्हणाले, “झालं नं, आई? चाल, वाढू सगळ्याईले.”

“काहून?” सोनीबाई म्हणाली. “वेचा व्हायचा हाये.”

“थे राहू दे मागून.”

“मागून कसं राहीन? लहानपणी दहीभात पाह्यला की तू खाऊन पळायचा, तुले वेच्याचं काय माहीत?”

मांडवात हसू फुटलं. राजकुमारभाऊ ट्रक थांबवू शकले होते, रस्ता धुवू शकले होते. पण बोंडं फुटल्यापासून कापसावर बसत आलेली धूळ तिथंच होती, आणि सीतादहीत कापूस दह्याला टेकवतात हे त्यांना घरात कधी कोणी सांगितलंच नव्हतं. ते काम बायांचं.

सोनीबाईनं पहिलं बोंड वेचलं, कापूस दह्याला टेकवला आणि उचलला. दह्यावर राखाडी वर्तुळ उमटलं. तिनं दुसरं वेचलं. तिसरं वेचलं. रीत पाचाची, ती तिनं पुरी केली. पाचवा कापूस पाटीत पडला तेव्हा ताटातलं पांढरं कडेला राहिलं होतं. तिनं बोटं पदराला पुसली. हिरव्या लुगड्यावर काळे पट्टे ओढले गेले.

“राजू,” ती म्हणाली, “हे काय रे?”

सोनीबाईनं तोच दहीभात कालवला, एक मूद लेकाच्या हातावर ठेवली. “घे. परसाद हाये.”

राजकुमारभाऊ हाताकडे पाहत राहिले. “आई, मले उपास हाये.”

“कायचा उपास? सकाळी तर्री-पोहे खाल्ले नं तू. दोन पलेटी.”

मागून एक बाई ओरडली, “भाऊ, भावना दुखावतीन, खाऊन घ्या!” मग कोणाला हसू आवरेना. राजकुमारभाऊ मूद तशीच धरून गाडीकडे गेले. तिचं पुढे काय केलं ते देवाला ठाऊक.

सोनीबाई मात्र खाली बसली. देवाचं टाकता येत नाही म्हणून एकटीच तो काळा दहीभात खाऊ लागली. हसणं थांबलं. तेव्हा ताई उठली, तिच्या शेजारी जाऊन बसली आणि हात पुढे केला. “मलेही द्या, माय.” सोनीबाईनं दिला. मग मी घेतला. दाताखाली कचकच झाली, तरी आम्ही तिघींनी ताट पुसून खाल्लं.

खाऊन झाल्यावर ताईनं विचारलं, “माय, मघाशी ताटाचा फोटो काढला मी. छापू का? तुमचं नाव नाही टाकत.”

“काहून नाही टाकत?” सोनीबाई म्हणाली. “टाक. माह्या हातानं झालं थे.”

संध्याकाळी गाळा रिकामा करायचा निरोप आला. संघदीपनं कॉम्प्युटर हातगाडीवर घालून घरी आणला. आता तो त्यांच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी बसला आहे, आणि पानं लावताना संघदीपच्या कोपराला पीठ लागतं. ताई म्हणते, “प्रुफावर हळद, पानाले पीठ. पेपर घरचाच हाये म्हणा.”

आज बुधवार. ताईनं अंक वाचून दाखवला, मी वातींचं सूप घेऊन तिथंच बसले होते. सगळी बातमी झाली, रस्ता, ताडपत्री, टँकर, सोनीबाईचं नाव. चमचा गप्प. मग पहिल्या ताटाचा उल्लेख आला : ‘याआधीचं ताट एका शेजारणीच्या वावरातलं होतं.’

टण्.

“काय चुकलं?” ताईनं विचारलं. भाऊजींनी चमच्यानं माझ्याकडे दाखवलं. ताईनं माझ्याकडे पाहिलं. आमची पायवाट कालपासून काट्या लावून बंद आहे. आम्ही नाल्याकडून वळसा घालून वावरात जातो.

“टाका,” मी म्हटलं. तिनं पेन काढून माझं नाव लिहिलं, आडनावासकट.

एवढ्यात फोन आला. ज्यांच्याकडे ‘जागल’ छापला जातो त्या इथल्या छापखानेवाल्यांनी कळवलं की मशीन बिघडली आहे, कधी सुधरेल सांगता येत नाही. ताईनं दोन वेळा “बरं” म्हटलं आणि फोन ठेवला. मग संघदीपला म्हणाली, “पेनड्राइव्हमध्ये घाल सारं.” आणि मला म्हणाली, “नंदा, उद्या दुपारी याईले पेज भरवशील? खळ घट्ट कर. मी येते संध्याकाळपर्यंत.”

उद्या सकाळच्या एसटीनं कौसल्याताई यवतमाळला जाणार आहे, अंक छापून आणायला. येताना भाऊजींच्या गोळ्या घ्यायच्या आहेत.